भिंतीवरची ठकठक

रॉबर्ट वाइजच्या ‘द हॉन्टिंग’ (१९६३) या कृष्णधवल सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. भिंतींवर धडधड होते, लाकडी दरवाजा आतल्या बाजूला फुगतो, बस्स. ‘न दाखवता घाबरवलं’ असं कौतुक करून आपण पुढे जातो. पण ती ठकठक एलेनरला कुणाची वाटते, ते ऐका.

एलेनरने (ज्युली हॅरिस) अकरा वर्षं आजारी आईचं केलं. आई भिंतीवर ठोकून हाक मारायची. शेवटच्या रात्रीही तिने ठोकलं, पण एलेनर गेली नाही. आता हिल हाउसची भिंत वाजते, तेव्हा अर्धवट झोपेत ती आईलाच ओ देते.

मी सॉफ्टवेअरवाला, पुराव्याशिवाय काही मानत नाही. सिनेमातले डॉ. मार्कवेही पुरावेच गोळा करायला आलेत. एलेनरला मात्र पुरावा लागत नाही, कारण अपराधीपणाला तो कधीच लागत नाही.

बहिणीच्या घरी ती सोफ्यावर झोपायची. इथे भिंतीवर खडूने तिचं नाव लिहिलेलं सापडतं. सगळे घाबरतात, तीही घाबरते; पण कुठल्यातरी घराला ती हवी आहे, हेही तिला तिथेच पहिल्यांदा कळतं. मला भीती वाटते ती याची.