सात दरवाजे आणि एक खलनायक

जुलै लागला की कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रत्येकाच्या फीडवर एक रील येतंच. ड्रोन, पंचगंगेचं तांबूस पाणी, मागे जोशातलं गाणं आणि स्क्रीनभर आकडा : राजाराम बंधारा 39 फूट, इशारा पातळी. 43 फुटांना धोका पातळी, तेव्हा अक्षरं लाल होतात. अशी शेकड्यांनी रील्स मी पाहिली आहेत आणि आता मी त्यांच्याकडे एक साहित्यप्रकार म्हणूनच बघतो.

या प्रकाराची कमाई खरी आहे. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी कितवा उघडला आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक जातं, हे आज कॉलेजातल्या पोरांना तोंडपाठ आहे. आमच्या भूगोलाच्या पुस्तकाला हे कधी जमलं नाही.

पण कथा म्हणून बघाल तर रील नेहमी एकाच वळणावर जाऊन बसतं. पाणी चढतं, लोक अडकतात आणि शेवटच्या तीन सेकंदांत खलनायक येतो : अलमट्टी. 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्यानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने 2020 च्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीच्या फुगवट्यावर टाकला नाही. सांगलीतल्या अनेकांना तो निष्कर्ष मान्य नाही. त्यात ब्रिजेशकुमार लवादाने 2010 मध्ये अलमट्टीची उंची 519.6 वरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिलेली, म्हणजे भीती उगाच नाही. वाद जिवंत आहे. माझी तक्रार एवढीच की रीलमध्ये वाद नसतोच, थेट निकाल असतो.

आकड्यांचंही तसंच. राधानगरीचे सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले, तरी त्यातून एक टीएमसीसुद्धा पाणी जात नाही (एक टीएमसी म्हणजे दिवसभर साधारण 11,574 क्युसेक). अलमट्टीची क्षमता सुमारे 123 टीएमसी. म्हणजे पंचगंगेची गोष्ट फक्त दरवाजांवर सांगता येत नाही. धरणाखाली पडणारा पाऊस, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी, नदीपात्रातली बांधकामं हे सगळं पात्रयादीत हवं. पण पावसाला खलनायक करून व्ह्यूज येत नाहीत.

आता जरा खाली जाऊ. अथणी, जमखंडीकडची कन्नड रील्स ऑटो-ट्रान्सलेट लावून बघा. तेच ड्रोन, तसंच गाणं, फक्त खलनायक बदललेला : कोयनेतून पाणी सोडणारा महाराष्ट्र. एकच पाणी, दोन गोष्टी, आणि दोघांचीही फ्रेम राजापूर बंधाऱ्यापाशी संपते. 2021 च्या जूनमध्ये जयंत पाटील बंगळुरूला जाऊन येडियुरप्पांना भेटले, पुराच्या काळात विसर्गाचा ताळमेळ ठेवण्यासाठी. महिन्याभरात पूर आलाच. एवढा नाट्यमय प्रसंग, आणि त्यावर एक धड रील माझ्या पाहण्यात नाही.

जतचं तर त्याहून अवघड. पूर्व भागातल्या दुष्काळी गावांनी कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी मागितलं. उन्हाळ्यात उलट कर्नाटक आपल्याकडे कोयना-वारणेचं पाणी मागतं. म्हणजे जुलैतला खलनायक मे महिन्यात शेजारी होतो. 30 सेकंदांच्या गोष्टीला हे पेलत नाही म्हणे. मला पटत नाही; क्रिकेटच्या रील्समध्ये याहून गुंतागुंतीचे हिशेब लोक आवडीने बघतात.

मला बघायचं आहे ते रील साधं आहे. कोयनेचा विसर्ग, आयर्विन, राजाराम, राजापूर, हिप्परगी, अलमट्टी, एकाखाली एक, त्याच दिवसाचे. महाराष्ट्राची पूरनियंत्रणाची यंत्रणा आणि कर्नाटकचं आपत्ती निरीक्षण केंद्र, दोघंही आकडे रोज ऑनलाइन टाकतात. एपीआय मिळो न मिळो, हाताने टिपायला दहा मिनिटं लागतील. कॅप्शन दोन भाषांत. जमखंडीच्या कुणाला तरी टॅग करावं लागेल, कारण कन्नड आपल्याला येत नाही.