छांदिष्टाची कैफियत

प्रसिद्ध इंग्रज गणिती जी. एच्. हार्डी यांचें 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हें लहानसें पुस्तक १९४० सालीं निघालें. निरुपयोगी विद्येचा इतका बाणेदार कैवार दुसऱ्या कोणीं क्वचितच घेतला असेल. आपल्या हातून जगाच्या उपयोगाचें कांहींच घडलें नाहीं, हें ग्रंथकार ताठ मानेनें सांगतो, आणि त्या ताठपणामुळेंच पुस्तक आम्हांस प्रिय आहे. मात्र त्यांतील एक स्थळ आम्हांस दर वाचनीं खुपतें. ८७१२ ही संख्या तिच्याच उलट्या रूपाच्या, म्हणजे २१७८ च्या, बरोबर चौपट भरते. असल्या गमती कोड्यांच्या सदरास शोभतात व हौशी मंडळींस रिझवितात, परंतु गणितज्ञास त्यांत घेण्यासारखें कांहीं नाहीं, असा निकाल हार्डी देऊन टाकतात.

तो वाचतांना आम्हांस देवळालीचे कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात. डहाणूस १९०५ सालीं जन्मलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पदवीपुढें शिक्षण नाहीं, विद्यापीठांत आसन नाहीं. संख्यांचा नाद तेवढा जन्मभर. आपल्याकडील कित्येक गणितज्ञ त्या नादास हंसत. मास्तर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून काढीत.

१९४९ च्या सुमाराचा त्यांचा ६१७४ चा शोध सर्वांत गाजला. चारही अंक सारखेच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी; तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी; उत्तरावर पुन्हा तोच प्रयोग करावा. फार तर सात वेळां, की ६१७४ हजर! आम्हीं सहज मास्तरांचें जन्मवर्षच घेऊन पाहिलें. ९५१० मधून ०१५९ वजा जातां ९३५१. पुढें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या खेपेस ६१७४. एकहि पायरी गाळावयास मिळाली नाहीं!

यांत विशेष तें काय, असें हार्डी म्हणते. आणि त्यांचा आक्षेप खोटा नाहीं. आपण दहांच्या पटीनें मोजतों म्हणून हा चमत्कार; मोजण्याची रीत बदलली कीं ६१७४ चें माहात्म्य संपलें. त्यांतून मोठा सिद्धांत निघत नाहीं, हेंहि खरें. पण ज्यानें आपल्या निरुपयोगी आनंदासाठीं जगाशीं भांडण मांडलें, त्यानेंच दुसऱ्याच्या आनंदास तुच्छतेचें माप लावावें, हें आम्हांस रुचत नाहीं. घरांतल्या मुलानें आगगाडीचें वेळापत्रक पाठ केलें तर "याचा उपयोग काय?" म्हणून विचारणारा बाप निदान स्वतः तसली कैफियत लिहीत नाहीं.

कापरेकरांच्या भक्तांचेंहि आम्हांस थोडें नवल वाटतें. मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, हें ते प्रथम सांगतात. लेखानें कीर्ति पसरली, नाहीं असें नाहीं. पण तो आला नसता तर मास्तरांची वजाबाकी चुकली असती काय?

मास्तरांनीं मात्र कोणाच्या दाखल्याची वाट पाहिली नव्हती. एखाद्या संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी, म्हणजे पुढची संख्या जन्मते. २१ पासून २४, २४ पासून ३०. परंतु २० ही संख्या अशी कोणापासूनच जन्मत नाहीं. असल्यांना त्यांनीं 'स्वयंभू' म्हटलें, आणि आपल्या गांवावरून 'देवळाली संख्या' असेंहि नांव दिलें. नाशिकजवळच्या गांवाचें नांव गणितांत घालतांना त्यांस संकोच वाटलेला दिसत नाहीं.

गणित हा तरुणांचा खेळ, असें हार्डींनीं साठी उलटल्यावर लिहिलें; प्रतिभा ओसरल्याची खंत त्या पुस्तकभर पसरली आहे. कापरेकर १९६२ सालीं निवृत्त झाले, आणि १९६३ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं देवळालीहूनच स्वयंभू संख्यांवरील नवी पुस्तिका प्रसिद्ध केली.