दोन कान, एक कवटी

तासगावचा रथोत्सव ज्याने एकदा अनुभवला, त्याला तो डोळ्यांइतकाच कानांनीही आठवतो. ऋषिपंचमीला परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या गणपती मंदिरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत भाविक दोरांनी रथ ओढत नेतात. मागून मोरयाचा गजर होतो, एका बाजूने झांजा वाजतात, आणि मान न वळवताही कोणता आवाज कुठून आला हे आपल्याला कळते.

समजा, हाच सोहळा आभासी वास्तवाच्या चष्म्यातून शाळेत दाखवायचा आहे. अशा साधनांच्या जाहिराती पाहताना एक गोष्ट आम्हाला खटकते. चित्राचे कौतुक भरपूर होते, ध्वनीची बोळवण मात्र ‘सभोवतालचा आवाज’ एवढ्यावर होते. त्यात आता कानावर न बसता कानाजवळच्या हाडाला टेकणारे हेडफोनही आले आहेत. दोन्ही प्रकारांना एकच विशेषण लावले जाते. ते कितपत खरे आहे, हे तपासायला हवे.

आवाजाची दिशा एका कानात नसते. ती दोन कानांतील फरकात असते. उजवीकडच्या झांजेचा आवाज डाव्या कानापर्यंत पोचायला डोक्याला वळसा घालून सुमारे 22 सेंटिमीटर जास्त जातो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर हा उशीर 0.0006 सेकंदाच्या आसपास येतो. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करू द्यावे. शिवाय उच्च वारंवारतेच्या ध्वनीला डोके आड येते आणि पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो. या दोन खुणांची सांगड लॉर्ड रॅले यांनी 1907 साली घातली. समोरचे की मागचे, वरचे की खालचे, हे ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. संगणकाला या साऱ्याची नक्कल करावी लागते, तीही मान वळेल तसे गणित बदलत. प्रत्येकाची पाळी निराळी असल्याने सरासरी पाळीवर बेतलेला आवाज पुष्कळदा पुढचा की मागचा हेच कळत नाही.

आता हाडाची वाट पाहू. कंपने कवटीतून थेट आंतरकर्णातील शंखाकृती कर्णावर्तापर्यंत जातात. हवेतून आलेला आणि हाडातून आलेला स्वर एकमेकांना नाहीसा करू शकतात, हे बेकेसी यांनी 1932 साली प्रयोगाने दाखवले. म्हणजे वाटा दोन असल्या तरी मुक्काम एकच. म्हणूनच ‘हाडातून ऐकल्याने श्रवणशक्तीला धोका नाही’ हा प्रचार फसवा आहे. मोठा आवाज कोणत्याही वाटेने आला तरी इजा कर्णावर्तालाच होते.

दिशेच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. कवटी एकसंध आहे. डावीकडे टेकवलेल्या कंपकाचा आवाज उजव्या कर्णावर्तातही फारसा न घटता पोचतो. संगणकाने मेहनतीने केलेला डाव्या-उजव्याचा फरक वाटेतच मिसळून जातो. दिशा अगदीच हरपते असे नाही, पण ती पुसट होते. तेव्हा रथाभोवतीचा गजर हवेतूनच ऐकवावा. हाडाची वाट निरुपयोगी मात्र नाही. बाह्य किंवा मध्यकर्णात दोष असलेल्यांना ती मोलाची आहे, आणि कान मोकळे राहिल्याने चष्मा लावलेल्या मुलाला शिक्षकांची सूचनाही ऐकू येते.

याची चुणूक प्रयोगशाळेतल्या नादकाट्यानेही मिळते. रबरी ठोकळ्यावर आपटून त्याचा दांडा कपाळाच्या मध्यभागी टेकवा. बहुतेकांना आवाज डोक्याच्या मध्यभागी वाटेल. आता एक कान बोटाने बंद करा. आवाज कमी होण्याऐवजी बंद कानाकडे सरकेल! नादकाटा हललेला नाही, तरी आवाजाची जागा बदलली. हाडातून आलेल्या आवाजाच्या जागेवर किती भिस्त ठेवावी, याचा हा रोकडा पुरावा.

आमची टीका केवळ यंत्रांवर नाही, ती आपल्या शिकवण्यावरही आहे. फळ्यावर आपण एकाच कानाची आकृती काढतो, भागांना नावे देतो आणि पाठ संपवतो. दुसऱ्या कानाचे काम काय, हे राहूनच जाते. मग वर्गात एका कानाने ऐकू न येणारे मूल असेल, तर ते आपल्या लक्षात कसे येणार? हाक डावीकडून आली असता ते उजवीकडे पाहते, मुले हसतात, आणि आपण ‘लक्ष नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. नादकाट्याने निदान करण्याच्या फंदात पडू नये. ते तज्ज्ञांचे काम आहे. पण शंका येताच पालकांना तपासणी सुचवावी आणि मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे राहील अशी जागा त्याला द्यावी. त्यासाठी चष्मा लागत नाही. पुढच्या वेळी फळ्यावर कान काढताना मध्ये डोके आणि दोन्ही बाजूंना कान काढले, तर सुरुवात झाली असे आम्ही समजू.