मोडतोडीची उलटी रोजनिशी

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम सोर्स कोडपासून नव्याने घडवताना बिल्ड मध्येच अडला, की बहुतेक जण स्क्रीनवरच्या शेवटच्या ओळीत कारण शोधतात. जाणकार सोर्सच्या फोल्डरमधली ‘अपडेटिंग’ ही साधी फाइल उघडतो. तांत्रिक गद्यात इतकं नितळ लेखन मी क्वचितच वाचलं आहे.

ताजी मोडतोड सगळ्यात वर. प्रत्येक नोंदीला आठ आकडी तारीख आणि तिच्याखाली काय बदललं, कोणाचं अडेल, त्याने काय करावं. आपला मागचा बिल्ड ज्या दिवशी नीट झाला, त्या तारखेपर्यंत वाचत खाली यायचं. सारवासारव कुठेही नाही. स्वतः केलेल्या बदलाने दुसऱ्याचं काय मोडेल हे आधीच लिहून ठेवायला मन मोठं लागतं.

सर्वसाधारण सूचना तर पुन्हापुन्हा वाचाव्यात. बिल्ड विचित्रपणे फसला तर तुमच्या शेलमधलेच जुने व्हेरिएबल आत शिरले असतील, म्हणून ‘एन्व्ह -आय’ लावून कोऱ्या वातावरणात चालवा. ‘-जे’ लावून अनेक कामं एकदम सोडली असतील तर ते काढून बघा. यातली खुबी अनुभवाने कळते: कामं समांतर चालली की त्यांचा मजकूर एकमेकांत मिसळतो, खरी चूक शेकडो ओळी वर गाडली जाते आणि तळाशी उरतो नुसता ‘एरर कोड १’. एकेक काम चालवलं की चूक आणि तिचं कारण शेजारी दिसतात. कर्नल आधी, रीबूट, मग बाकीचे प्रोग्रॅम, हा क्रमही तसाच विचारपूर्वक: नवं कर्नल जुने प्रोग्रॅम सांभाळून घेतं, पण नव्या प्रोग्रॅमने मागितलेलं जुन्या कर्नलपाशी नसू शकतं.

सिंगापुरात बसून हा बिल्ड चालवताना आणखी एक तारीखवार मजकूर हाती लागतो. त्याच सोर्समध्ये जगभरच्या वेळांची माहिती असते आणि बिल्डमध्ये तीही कंपाइल होते. सिंगापूरच्या वाट्याला मोजक्या ओळी. सुरुवातीला ग्रिनिचच्या ६ तास ५५ मिनिटं २५ सेकंद पुढे. १९०५ पासून सात तास. १९४१ मध्ये साडेसात. मग १६ फेब्रुवारी १९४२ पासून एकदम नऊ: आदल्या दिवशी शहर जपान्यांच्या हाती पडलेलं, घड्याळं टोकियोची. १२ सप्टेंबर १९४५, सिंगापुरातल्या जपानी शरणागतीचा दिवस, पुन्हा साडेसात. १९८२ उजाडताना मलेशियाबरोबर आठ. जपानी ताब्याचा सगळा काळ दोन तारखांच्या मध्ये, एकाही विशेषणाशिवाय.

तरी माझी पसंती ‘अपडेटिंग’लाच. वेळांची फाइल घडलेलं नोंदवून थांबते. ही पुढे काय करायचं तेही सांगते. तिच्या तळाशी वॉर्नर लॉश यांचा १९९८ ते २००९चा स्वामित्वहक्क आहे आणि कोणालाही न विचारता वापरण्याची, अनुवाद करण्याची मुभाही. मराठीत ती कोणीतरी आणावीच. सुरुवात त्या सर्वसाधारण सूचनांपासून करावी.