ख्रिस्तपुराण वाचायचंय? आधी आवृत्ती निवडा

दर २७ फेब्रुवारीला मराठीची थोरवी गाणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सच्या त्याच चार-दोन ओव्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्या ज्या ग्रंथातून येतात तो मात्र फारसा कुणी उघडत नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटानं बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. १६१६ साली ती छापली गेली. मराठीतलं सुरुवातीचं ख्रिस्ती लेखन वाचायचं तर सुरुवात इथूनच करावी. पण कुठल्या आवृत्तीतून?

माझी कसोटी साधी आहे. ग्रंथाच्या आरंभी सासष्टीतला एक नवख्रिस्ती पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण का देत नाही? अख्खा ग्रंथ या प्रश्नाचं उत्तर आहे. जी आवृत्ती नवख्या वाचकाला या प्रश्नातली कळ ऐकवते, ती चांगली.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे. त्यांवरून जोसेफ सालडाना यांनी १९०७ साली मंगळुरात रोमन लिपीतली आवृत्ती काढली. तिची इंग्रजी प्रस्तावना आजही उपयोगी आहे. कळंबोलीत बसून मी ती फोनवर स्कॅनमध्ये वाचली. पण पोर्तुगीज वळणाचं लेखन लावता लावता ओवीची लय निसटते. अभ्यासकाला ती हवीच. नवख्यानं मात्र तिथून सुरुवात करू नये.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून ग्रंथ देवनागरीत आणला. हे मोठं काम होतं, कारण त्यामुळे ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या शेजारी हा ग्रंथ ठेवून वाचता येतो. पण ओळखीची लिपी आली म्हणून चारशे वर्षांपूर्वीची भाषा सोपी होत नाही. मधेमधे पोर्तुगीज शब्दही भेटतात. गंमत म्हणजे, लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखितात अशा अनेक शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आहेत. म्हणजे आवृत्ती बदलली की नुसती लिपी बदलत नाही, ग्रंथ कुणाशी बोलतोय हेही बदलतं.

म्हणून नवख्या वाचकाला मी फादर नेल्सन फलकाव यांची २००९ची आवृत्ती सुचवेन. त्यांनी ग्रंथ आजच्या मराठीत आणलाय. अर्थासाठी अडून बसावं लागत नाही, आणि वरचा प्रश्न पहिल्याच वाचनात भिडतो. धोका एकच: सोपा अर्थ मिळाला की डोळा ओवीवरून घसरतो आणि पुराणाची धर्मशिक्षणाची वही होते. तसं होऊ द्यायचं नसेल तर आधी ओवी मोठ्यानं म्हणा, मग अर्थ पाहा. आरंभीचा तो प्रश्न वाचून थेट दुसऱ्या पुराणातल्या ख्रिस्तजन्माकडे जा. कथा ओळखीची असल्यानं भाषेकडे लक्ष देता येतं.

सासष्टीतल्या त्या माणसाला नुसती शिकवण नको होती, त्याला पुराण हवं होतं. आपणही तेच मागावं.