धूर, अग्नी आणि बर्फाखालचा समुद्र

आपल्या सांताक्रूझपासून गिल्बर्ट हिल काही लांब नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो कातळ. त्याला ज्वालामुखीचं अपत्य म्हणायला कुणाची हरकत नाही. पण शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर ना ज्वाला, ना लाव्हा. बर्फाच्या भेगांतून वाफ आणि हिमकण उसळतात, त्यालाही 'हिमज्वालामुखी' म्हणतात. हा शब्द आम्ही एक वेळ चालवून घेऊ. आमची तक्रार आहे ती 'समुद्र सापडला' या मथळ्याबद्दल.

तो समुद्र कुणी पाहिलेला नाही. तो अनुमानाने कळला आहे. यात कमीपणा नाही. न्यायदर्शन अनुमानाला प्रमाणच मानतं. मात्र हेतू कोणता, ते सांगावं लागतं. डोंगरावर धूर, म्हणून अग्नी, हे जुनं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. बातम्या फवाऱ्यालाच धूर समजतात. पण १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ला नेपच्यूनच्या ट्रायटनवर नायट्रोजनचे फवारे दिसले, आणि त्यांचं प्रचलित स्पष्टीकरण सूर्याच्या उष्णतेचं आहे. तिथे फवाऱ्यावरून समुद्र म्हणणं म्हणजे धुक्याला धूर म्हणणं. उलट शनीच्या मिमासवर फवारा नाही, तरी त्याच्या गतीवरून २०२४ मध्ये समुद्राचं अनुमान मांडलं गेलं. तापल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, हे नैयायिक कधीच सांगून गेले!

मग एन्सेलॅडसचा समुद्र कशावरून? २००५ मध्ये कॅसिनी यानाला फवारे दिसले. पुढे त्यातून आलेल्या हिमकणांत मीठ आढळलं. म्हणजे ते पाणी खडकाला लागून असावं. २०१५ मध्ये त्या चंद्राचा डोल मोजला गेला. कवच गाभ्याला घट्ट चिकटलेलं असतं, तर तो इतका डोललाच नसता. कच्चं अंडं आणि उकडलेलं अंडं आपण फिरवून ओळखतो ना, तसंच काहीसं. उष्णता कुठली? शनीच्या ओढीने तो सतत दाबला-ताणला जातो. तार वारंवार वाकवली की तापते, तशी. असे हेतू एकत्र आले, म्हणून अनुमान भक्कम झालं.

आता 'समुद्र आहे, म्हणजे जीव असणारच' हे दुसरं अनुमान. त्याला दृष्टान्त एकच, आपली पृथ्वी. एका दृष्टान्तावर व्याप्ती ठरत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल. तेही जीव शोधायला नव्हे, तर जीवाला राहण्याजोगी परिस्थिती आहे का, हे तपासायला. तेव्हा मोठे मथळे येतील. नातवंडांना ते वाचून दाखवताना आपण एवढंच विचारायला शिकवू या: हेतू कोणता?