आप्त कोण? – ‘गॅसलाइट’च्या निमित्ताने



मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाचा विचार केला. ते संपल्यावर एका श्रोत्याने विचारले होते, “सर, हे सगळं ठीक आहे, पण घरात याचा उपयोग काय?” त्या दिवशी वेळ संपली होती, आणि खरे सांगायचे तर उत्तरही तयार नव्हते. म्हणून आज आम्ही एका घराची गोष्ट घेऊन आलो आहोत. घर लंडनचे आहे, काळ व्हिक्टोरियन आहे आणि गोष्ट चित्रपटातली आहे. पण प्रश्न त्या श्रोत्याचाच आहे.

चित्रपट म्हणजे ‘गॅसलाइट’. पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाने १९३८ साली याच नावाचे नाटक लिहिले. १९४० मध्ये थोरोल्ड डिकिन्सन यांनी त्यावर इंग्लंडमध्ये चित्रपट काढला. पुढे १९४४ मध्ये हॉलिवूडने जॉर्ज क्यूकर यांच्या दिग्दर्शनाखाली तोच विषय पुन्हा केला आणि इन्ग्रिड बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हा दुसराच ठाऊक असतो. आम्हीही विद्यार्थिदशेत तोच पाहिला होता. इंग्रजी चित्रपट पाहिला तो फार उशिरा, नातवाच्या संगणकावर. आज त्याच्याबद्दल बोलायचे आहे.

आधी कथा थोडक्यात. लंडनच्या एका चौकातल्या घरात एका वृद्ध बाईचा गळा दाबून खून होतो. खुन्याला तिची माणके हवी असतात, ती सापडत नाहीत. घर बरीच वर्षे रिकामे पडते. मग तिथे एक जोडपे राहायला येते, पॉल मॅलन आणि त्याची पत्नी बेला. घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागतात आणि पॉल बेलाला पटवून देतो की हे सारे तीच करते आणि विसरते. रोज संध्याकाळी तो बाहेर जातो. थोड्या वेळाने खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, वरच्या बंद मजल्यावर कुणाचा तरी वावर ऐकू येतो. बेला हे सांगते, तेव्हा उत्तर मिळते की हे तिचे भास आहेत. वस्तुतः तो स्वतःच शेजारच्या घरातून वरच्या मजल्यावर शिरून माणके शोधत असतो. खुनी तोच. त्याचे खरे नावही वेगळे, आणि आधीचे लग्नही झालेले. शेवटी रफ नावाचा एक निवृत्त पोलीस त्याला ओळखतो आणि प्रकरण उघडे पडते.

दिवा मंद का होतो, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगायला हवे. गॅसची नळी साऱ्या घराला एकच असे. वर एक दिवा पेटवला की खालच्या दिव्याचा दाब कमी होई. वाड्यात किंवा चाळीत राहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. खालच्या बिऱ्हाडाने नळ सोडला की वरची धार बारीक होते, आणि धार बारीक झाली की वरची बाई न पाहता म्हणते, “खाली पाणी भरायला लागले वाटतं.” हे शुद्ध अनुमान आहे. धूर पाहून अग्नी ओळखावा, तसेच.

आता आमचा पहिला मुद्दा. या चित्रपटाला रहस्यपट म्हणतात, पण प्रेक्षकापासून रहस्य फारसे लपवलेलेच नाही. पॉलचा संशय आपल्याला लवकरच येतो. अँटन वॉलब्रुक हा मूळचा व्हिएन्नाचा नट ती भूमिका करतो आणि त्याच्या गोडव्यातच धार आहे. म्हणजे ‘कोणी केले’ हा इथला प्रश्न नाही. ज्या बाईला सर्व काही नीट दिसते आहे, नीट ऐकू येते आहे, तिला आपले ज्ञान हे ज्ञान आहे असे का वाटेनासे होते, हा प्रश्न आहे. रहस्य आहे ते ज्ञानशास्त्रातले.

इथे आपल्या मीमांसकांची मदत होते. कुमारिलभट्टांच्या परंपरेचे म्हणणे असे की ज्ञान हे स्वतःच प्रमाण असते. मला समोर दिवा मंद झालेला दिसला, तर तेवढे पुरे. दरवेळी त्याला दाखला जोडावा लागत नाही. ते ज्ञान दोनच कारणांनी रद्द होते. एक, त्याच्याविरुद्ध जाणारे दुसरे ज्ञान झाले, म्हणजे साप वाटला होता आणि जवळ गेल्यावर दोरी निघाली. दोन, ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष आहे असे कळले, जसे की काविळीचा डोळा.

पॉलचे कपट नीट पाहा. तो पहिल्या मार्गाने जात नाही. ‘चल, दिवा पाहू’ असे तो म्हणणार नाही, कारण दिवा खरेच मंद झालेला आहे. तो दुसरा मार्ग धरतो. आज एक चित्र भिंतीवरून काढून लपवतो, उद्या आपले घड्याळ तिच्याच पिशवीत सापडवतो, तेही चारचौघांत, संगीताच्या मैफलीत. यातून तो एवढेच सिद्ध करतो की साधन सदोष आहे, डोळा काविळीचा आहे. मूळ नाटकात तर बेलाची आई वेड लागून वारली होती याचाही तो उपयोग करतो. एकदा साधनच सदोष ठरले की दिव्याबद्दल वेगळे खोटे बोलावेच लागत नाही. तिचे पुढचे सगळे ज्ञान आपोआप बाद होते. सामान्य खोटारडा एका गोष्टीबद्दल खोटे बोलतो. हा माणूस तिच्या जाणण्याच्या शक्तीबद्दलच खोटे बोलतो.

जाता जाता एक गंमत. याच हॅमिल्टनने १९२९ मध्ये ‘रोप’ नावाचे नाटक लिहिले, म्हणजे ‘दोरी’. हिचकॉकने पुढे त्यावर चित्रपट केला. आपल्या वेदान्त्यांना दोरी आणि साप किती प्रिय! पण बेलाची अवस्था त्या दृष्टान्ताच्या उलट आहे. तिला दोरी दोरीच दिसते आहे, आणि तिच्या विश्वासातला माणूस रोज सांगतो आहे की तुला सगळीकडे भलतेच दिसते.

नैयायिक म्हणतील, संशय आला तर व्यवहारात तपासा. पाणी वाटले ना? पुढे जा, प्या, तहान भागली तर ते पाणी. बेलानेही तपासायला हवे होते, असे कुणी म्हणेल. पण तिच्या तपासाच्या वाटा कोणी बंद केल्या ते बघा. वरचा मजला बंद. बाहेर जाणे बंद. तिचा चुलतभाऊ भेटायला येतो, तर त्याला दारातूनच परत पाठवले जाते. नॅन्सी नावाच्या तरुण मोलकरणीला पॉलने आधीच नादी लावले आहे. तिला तो नाचगाण्याच्या थिएटरात घेऊन जातो. या चित्रपटातला उघड मोहपाश हा एवढाच, आणि पुष्कळ समीक्षक तो भडकपणा म्हणून सोडून देतात. आम्हाला तो कथेच्या रचनेत आवश्यक वाटतो. घरात बेलाचा साक्षीदार होऊ शकेल असे एक माणूस त्याने स्वतःकडे वळवून घेतले. मोह हा इथे साक्षीदार फोडण्याचा मार्ग आहे.

आता आप्त या शब्दाकडे येऊ. न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे सांगणे. आप्त कोण? वात्स्यायनांच्या भाष्यातला आशय असा की ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. तो ऋषी असेल, आर्य असेल, म्लेंच्छही असेल, लक्षण सगळ्यांना सारखेच. पण आपल्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत ‘आप्तेष्ट’ असतात ते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपण रोज एकमेकांत मिसळतो. नवरा आहे, मुलगा आहे, म्हणजे आप्त, आणि आप्त म्हणजे त्याचे बोलणे प्रमाण. बेलाचा घात नेमका या मिसळीत होतो. पॉल मराठी अर्थाने आप्त आहे, न्यायशास्त्राच्या अर्थाने नाही. त्याने वस्तू जाणली आहे, हे खरे. किंबहुना घरात त्याच्याइतकी कोणीच जाणलेली नाही. नाही ती जशी आहे तशी सांगण्याची इच्छा. आणि रफ हा परका, ना नात्याचा ना गोत्याचा. तरी आप्त तोच ठरतो.

पण रफ काय करतो? त्याने बेलाला सोडवले असे म्हणतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. मूळ नाटक एका खोलीत आणि एका संध्याकाळीच घडते. त्यात दिव्याचे वेळापत्रक बेलाच सांगते. नवरा गेल्यानंतर काही मिनिटांनी ज्योत उतरते, आणि तो परत येण्याच्या थोडे आधी पुन्हा वर चढते. म्हणजे व्याप्ती तिने स्वतः बांधलेली आहे, निष्कर्षही तिच्या जिभेवर आहे. फक्त तो उच्चारण्याचे धैर्य उरलेले नाही. रफ तिला नवे ज्ञान देत नाही. तो ‘हो, तुम्हाला दिसतं ते मलाही दिसतं’ एवढेच म्हणतो. खोटा दोष दूर झाला की तिचे ज्ञान पुन्हा आपल्या पायावर उभे राहते. डिकिन्सनचा चित्रपट घराबाहेरचा चौक, थिएटर असे पुष्कळ दाखवतो, पण या दृश्याचे महत्त्व त्याने ओळखले आहे.

आता तक्रारी. आमच्या दोन आहेत. शेवटी नवरा खुर्चीला बांधलेला असतो आणि बेला हातात सुरी घेऊन त्याच्यापुढे उभी राहते. त्याने दिलेले वेड ती त्यालाच परत करते. प्रेक्षकांना हा प्रसंग फार आवडतो, टाळ्याही पडत असतील. आम्हाला त्यात थोडी हार दिसते. शहाणपण सिद्ध झाल्यावरही तिला बोलण्यासाठी वेडीचीच भाषा घ्यावी लागते, ही गोष्ट टोचते.

दुसरी तक्रार मोठी आहे, ती माणकांबद्दल. खून, माणके, खोटे नाव, दोन लग्ने. मेलोड्रामाला हे सगळे लागते हे मान्य. पण त्यामुळे प्रेक्षक सुटतो. आपण घरी जातो ते ‘आपण काही खुनी नाही’ अशा समाधानात. २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘गॅसलाइटिंग’ हा वर्षाचा शब्द ठरवला. आता तो शब्द साध्या मतभेदालाही लावतात, आणि हा गैरवापर आहे असे आम्हालाही वाटते. मतभेदात माणूस तुमचे म्हणणे खोडतो, तुमची बुद्धी खोडत नाही. परंतु उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे, की हे करायला कोणी पॉलच लागतो.

आमच्या घरी माणके नव्हती. आमची आई देवघरात एका डब्यात पैसे ठेवायची. एकदा ती म्हणाली, “यातले दोनशे रुपये कमी आहेत रे.” आम्ही म्हणालो, “आई, तूच कुणाला तरी दिले असशील, तुला आठवत नाही.” हे सर्वांच्या देखत म्हणालो, आणि हसून म्हणालो. पुढे काही आठवड्यांनी आमच्याच वहीत आमच्याच अक्षरात नोंद सापडली. घाईत पेपरवाल्याचे बिल द्यायला आम्हीच ते घेतले होते. आम्ही तिला सांगितले नाही. तोवर ‘आई विसरते’ हे घराने मान्य केलेले सत्य झाले होते, आणि ते सोयीचे होते. त्यानंतर तिची बोलण्याची पद्धत बदलली. कोणतीही गोष्ट सांगायच्या आधी ती म्हणे, “मला नक्की आठवत नाही हं, पण…” प्रामाण्यवादावर प्रबंध लिहिलेल्या माणसाच्या घरात ही गोष्ट झाली. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. वही अजून आहे.

आज आम्ही स्वतः सत्तरी ओलांडली आहे. चष्मा कुठे ठेवला, गोळी घेतली की नाही, यावरून घरात बोलणे होतेच. मुले प्रेमाने म्हणतात, “बाबा, तुम्ही विसरलात.” पुष्कळदा ते खरे असते. पण मध्यंतरी ‘मला नक्की आठवत नाही, पण…’ हे वाक्य आमच्याच तोंडून आले आणि आम्ही दचकलो. तेव्हापासून घरात एक साधा नियम ठेवला आहे. कुणालाही ‘तू विसरलास’ म्हणायचे असेल, तर आधी डबा उघडून दोघांनी मिळून पाहायचे. पाहिल्यावर चूक ज्याची निघेल त्याने ती मोठ्याने सांगायची. नैयायिकांच्या परीक्षेची ही घरगुती आवृत्ती समजा.

शेवटी या चित्रपटाच्या नशिबाबद्दल. हॉलिवूडमध्ये नवा ‘गॅसलाइट’ काढताना एमजीएमने हक्क विकत घेतले आणि जुन्या चित्रपटाची मूळ प्रतही नष्ट करण्याचा प्रयत्न केला. कित्येक वर्षे तो जवळजवळ दिसेनासाच झाला. ज्यांनी १९४० साली, युद्धकाळातल्या दिवेबंदीच्या लंडनमध्ये तो पाहिला होता, त्यांनी पुढे ‘बर्गमनच्या आधी एक होता’ असे म्हटले असेल तर ऐकणाऱ्याला काय वाटले असेल? सुदैवाने काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. जमल्यास दोन्ही पाहा, पण जुना आधी पाहा.

त्या श्रोत्याचे उत्तर आता द्यायला हरकत नाही. प्रमाणचर्चेचा घरात उपयोग असा, की आपण कोणाचे आप्त आहोत हे नात्याने ठरत नाही, हे ती आठवून देते. जाणले तसे सांगितले का, एवढेच ती विचारते. आम्ही त्या दोनशे रुपयांच्या वेळी सांगितले नव्हते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. पाठीमागच्या श्रोत्यांनी जरा मोठ्याने बोलावे. ऐकू कमी येते, हे मात्र आमचे आम्ही तपासून घेतलेले आहे.